न वाचलेल्या लेखांचा चार्ज

शालिनी मंगळवारी सकाळी वारली. तिच्या फोनवर त्या दिवशीचे लेख आले होते. बुधवारीही आले.

लेख का येत राहिले ते सांगायला हवं. माझी पत्नी पुण्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होती. निवृत्त झाल्यावर तिने फीड रीडर नावाची सोय वापरायला घेतली. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याला आवडणाऱ्या संकेतस्थळांची नावं त्यात एकदा घालून ठेवायची. मग तिथे काही नवं आलं की ते आपोआप आपल्याकडे येऊन पडतं. आपण दारोदार फिरायचं नाही. शालिनीच्या फीडमध्ये पक्षीनिरीक्षक होते, मुलांची मासिकं होती, विज्ञानाचे ब्लॉग होते, शिष्यवृत्तीच्या सूचना होत्या आणि, का कोण जाणे, न्यूझीलंडमधला एक निवृत्त पोस्टमन होता. तो फक्त गोगलगायींवर लिहितो. या सगळ्यातून ती रोज दोन लेख निवडायची आणि शिरूर-दौंडकडच्या शालेय ग्रंथपालांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवायची. सोबत एक ओळ असायची. ‘आठवीला द्या, सहावी घाबरेल’, अशी.

ती गेल्यावर न वाचलेल्या लेखांचा आकडा वाढत गेला. हजार झाल्यावर यंत्राने मोजणं सोडलं आणि नुसतं ‘१०००+’ दाखवायला सुरुवात केली. शेजारी बटण आहे, ‘सगळे वाचले अशी खूण करा’. ते माझ्याच्याने दाबवेना. खातं बंद करायचंही बटण आहे. तेही दाबवेना.

मग एक दिवस शिरूरहून गव्हाणे सरांचा फोन आला. ते तिथल्या एका हायस्कूलचे ग्रंथपाल आणि गटातले सर्वांत जुने सभासद. म्हणाले, मॅडमनी हा फीड रीडर आम्हाला समोर बसून शिकवायचं कबूल केलं होतं, आता तुम्ही या. मी म्हणालो, मी मुद्रितशोधक आहे. कोपऱ्यात बसून लोकांच्या वेलांट्या सुधारण्यापलीकडे मला काही येत नाही.

“कोपरा हाय की आमच्याकडं,” ते म्हणाले.

जाण्यामागचा माझा हेतू सरळ होता. तिथल्या कोणीतरी शालिनीचं खातं हाती घ्यावं आणि तिचं काम चालू ठेवावं. कोणी घेत नसेल तर परत येऊन ते बंद करायचं.

शिरूर, गुरुवार

शिरूरच्या स्टँडवर उतरलो तर समोर एक उंच गृहस्थ पुठ्ठा धरून उभे होते, हेच गव्हाणे सर. पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘मॅडमचे मिस्टर’. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण गटातल्या माणसांना ओळख पटायला हवी असं त्यांचं म्हणणं पडलं. गटातलं दुसरं कोणी स्टँडवर नव्हतं. शेजारी रांजणगावच्या कुठल्या कंपनीची बस उभी होती, तिच्या खिडक्यांतून शिफ्ट करून आलेली मंडळी पुठ्ठा वाचत होती आणि मग माझ्याकडे बघत होती. पुढचे तीन दिवस माझं तेच नाव राहिलं.

आमच्या पुण्यात पाहुण्याला विचारतात, ‘चहा घेणार का?’ आणि प्रश्नाच्या सुरातच उत्तर असतं. इथे कप हातात येतो, पहिला घोट पोटात जातो आणि मग कोणीतरी विचारतं, ‘चहा घेता ना?’ शाळेच्या फाटकापासून ग्रंथालयाच्या दारापर्यंत मी असा तीन वेळा होकार दिला.

वर्गाला बारा-पंधरा माणसं जमली होती. त्यांतले ग्रंथपाल म्हणून नेमलेले मोजकेच. बाकीचे, ज्यांच्याकडे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आहे असे शिक्षक. कोणी चित्रकलेचे, कोणी हिंदीचे. पीटीचे पवार सर गळ्यातली शिट्टी न काढताच बसले होते. मी खाली मान घालून, छापील कागद तपासावा तसं, सगळं समजावून सांगितलं. संकेतस्थळ कसं जोडायचं, विषयवार कप्पे कसे करायचे, मुलांसाठीचे लेख वेगळे कसे ठेवायचे. सगळ्यांनी लिहून घेतलं. शंका विचारा म्हटल्यावर पवार सर उठले.

“ह्यात गुड मॉर्निंग कुठं टाकायचं?”

मी म्हणालो, यात काही टाकता येत नाही, फक्त वाचता येतं. दुसऱ्या कोणाला काही दिसत नाही.

“म्हंजी आपण वाचलं हे कुणाला कळणारच न्हाई?”

“नाही.”

पवार सर खाली बसले. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

गव्हाणे सर मात्र इतका वेळ गालात हसत होते. शालिनीच्या जुन्या टिपणांवरून त्यांनी महिन्यापूर्वीच फीड रीडर सुरू केला होता. “या, दाखवतो,” म्हणत त्यांनी एक कपाट उघडलं. वर कागद चिकटवला होता, ‘फीड विभाग’. आत लेख होते. सरांनी आलेला प्रत्येक लेख छापला होता, दोऱ्याने शिवला होता, त्याला दाखल क्रमांक दिला होता आणि शाळेचा शिक्का मारला होता. ग्रंथालयांत चोरी पकडता यावी म्हणून पुस्तकाच्या एका ठरावीक आतल्या पानावरही शिक्का मारतात. सरांच्या शाळेत तो तिसऱ्या पानावर असतो. बरेचसे लेख एकपानी असल्यामुळे सरांनी त्यांना मागे दोन कोरी पानं जोडली होती. एका शिवलेल्या पुस्तिकेत फक्त ‘हे पान सापडले नाही’ एवढंच छापलेलं होतं. लेखक या रकान्यात ‘अज्ञात’.

“मला एकच अडचण हाय,” सर म्हणाले. “रोज चाळीस-पन्नास येतात. पहाटे उठून वाचतो तरी संपत न्हाईत. घरी मंडळी कावलीत. म्हशीला वेळेवर पाणी मिळंना.”

मी सांगितलं की सगळं वाचायचं नसतं, यातलं निवडायचं असतं. उरलेल्यांसाठी हे बटण आहे. ते दाबलं की सगळे वाचले अशी खूण होते.

“न वाचता?”

“हो.”

“आन् वाचलं म्हणायचं?”

चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, शाळा तपासणीच्या वेळी आपण दुसरं काय करतो. सगळे हसले. गव्हाणे सर हसले नाहीत. त्यांनी मला शांतपणे समजावलं की एकदा दाखल झालेली वस्तू अशी काढता येत नाही. त्याला निर्लेखन करावं लागतं. म्हणजे समिती नेमायची, प्रत्येक नाव वाचून बघायचं, काढून टाकण्याचं कारण लिहायचं, सह्या घ्यायच्या. कारणं ठरलेली असतात, फाटलं, वाळवी लागली, गहाळ झालं.

“ह्यातलं कुठलं लिहू सांगा. वाळवी?”

पवार सरांनी मॅडमचं खातं बघायला मागितलं, म्हणून मी ते पडद्यावर लावलं. कोपऱ्यात ‘१०००+’ होतं. कोणीतरी मागून विचारलं की मॅडमचंही इतकं तुंबलेलं कसं. मी म्हणालो, ती गेल्यापासूनचं आहे.

गव्हाणे सरांनी पडदा बंद केला आणि चौथा चहा मागवला.

रात्रीचं जेवण त्यांच्या घरी होतं. बाजरीची भाकरी, मासवडी आणि तिचा तिखट रस्सा. आमच्याकडे ताटावर हात आडवा धरला की वाढणारा थांबतो. गव्हाणे वहिनींनी भाकरी माझ्या हातावर ठेवली. हात काढावा तर भाकरी ताटात, न काढावा तर जेवण बंद. मी असा बराच वेळ बसून राहिलो. शेवटी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तिला पण जागा द्या की ताटात.” मी दिली. शालिनी गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो, यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

न्हावरे, पारगाव, शुक्रवार

दुसरा वर्ग दौंडला होता. गव्हाणे सरांनी स्कूटरवरून सोडायचं ठरवलं. मला त्यांच्या मुलीचं हेल्मेट मिळालं, गुलाबी, फुलपाखरांचं. आम्हा दोघांच्या मध्ये शिवलेल्या लेखांचा एक गठ्ठा होता, दौंडकरांना नमुना दाखवायला. प्रत्येक खड्ड्याला तो गठ्ठा मला मागे ढकलत होता. न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि भीमा ओलांडून पारगावच्या बाजूला आलो तसा हवेलाच गुळाचा वास यायला लागला. त्या भागात रस्त्याकडेला गुऱ्हाळं आहेत. सर एका गुऱ्हाळापाशी थांबले, माझी पाठ सरळ व्हावी म्हणून.

कढईवर उत्तर प्रदेशातले एक गृहस्थ होते, रामदुलारे नावाचे. उकळत्या रसातून मोठा झारा फिरवता फिरवता त्यांनी आमचा गठ्ठा पाहिला आणि विचारलं, “किताब वाले हो?”

“हां,” गव्हाणे सर म्हणाले, “लेकिन बिना किताब के.”

रामदुलारेंना हे पटलं असावं. त्यांनी उसाच्या कांडीवर गरम गूळ गुंडाळून आम्हा दोघांच्या हातात दिला. मग आम्ही कुठे आणि कशाला चाललो ते विचारलं. सरांनी त्यांच्या हिंदीत फीड रीडर समजावला. रामदुलारेंचा प्रश्न नेमका होता, यात गुळाचा भाव येतो का? मी म्हणालो, बाजारसमितीच्या संकेतस्थळावर तशी सोय असेल तर येईल, थांबा, बघतो. आणि गुळाच्या अंगठ्याने फोनवर शालिनीचं खातं उघडलं.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. अंगठा काचेला चिकटला, संकेतस्थळांची यादी आपोआप खाली धावली, मी अंगठा सोडवायला गेलो तेव्हा तो ‘जोडा’ या बटणावर होता. शालिनीच्या फीडमध्ये अल्पाका पाळणाऱ्यांची एक परदेशी संघटना दाखल झाली. अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतला लोकरीसाठी पाळतात तो प्राणी, मान उंटाची आणि चेहरा नुकतंच झोपेतून उठवल्यासारखा. रामदुलारेंनी त्याचा फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, दूध देतो का. आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

गुळाचा भाव सापडला नाही.

दौंड

दौंडच्या ज्या शाळेत वर्ग होता ती रेल्वेच्या रुळांना अगदी लागून आहे. मालगाडी जाताना कपाटांच्या काचा थरथरतात. आमच्याकडे आवाज वाढला की माणसं आणखी ओरडून बोलतात. दौंडची माणसं थांबतात. वाक्य जिथे असेल तिथे तोंड उघडं ठेवून थांबतात आणि गाडी गेली की पुढच्या शब्दापासून सुरू करतात. कोणाला त्यात विशेष वाटत नाही. मी पहिल्यांदा घाबरून भालेराव मॅडमना पाणी द्यायला निघालो होतो.

भालेराव मॅडम इथल्या ग्रंथपाल. वडील रेल्वेत होते, जन्म याच गावचा. त्यांनी गव्हाणे सरांचा गठ्ठा हातात घेऊन उलटापालटा केला.

“सर, तुम्ही इंटरनेटला शिवण घातलीत म्हणे.”

“घातली. निदान उसवत तरी न्हाई.”

“आणि हे कोण? अज्ञात?”

“त्यांचं एकच पुस्तक हाय आमच्याकडं,” सर गंभीरपणे म्हणाले.

वर्ग शिरूरसारखाच झाला. इथेही गुड मॉर्निंगची चौकशी झाली. मंडळी पांगल्यावर भालेराव मॅडमनी डबा उघडला. चपाती, हरभऱ्याची भाजी, ठेचा. जेवता जेवता त्या म्हणाल्या की त्यांना एक सांगायचं आहे. त्यांच्या शाळेत रोज परिपाठात, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, शालिनीने पाठवलेल्या दोन लेखांतला एक वाचून दाखवला जायचा. मुलं त्याला ‘मॅडमचं’ म्हणायची. ‘आज मॅडमचं काय आलं?’ शालिनी गेल्यावर यांना ते मुलांना सांगवेना. मॅडम सुट्टीवर आहेत, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. सुट्टी लांबत गेली.

“आता मुलं विचारतात, मॅडम एवढ्या कुठं गेल्यात. एकानं तर पैज लावलीय, अमेरिकेला म्हणून.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “ते खातं मला द्या. मी चालवते.”

मी लगेच पासवर्ड लिहून द्यायला कागद काढला. हेच तर हवं होतं. त्यांनी हात आखडता घेतला.

“असं नाही. चार्ज द्या.”

शाळेत ग्रंथपाल बदलला की नवा माणूस आधी सगळा साठा मोजून घेतो आणि मगच सही करतो. त्याला चार्ज घेणं म्हणतात. मागच्या शाळेत भालेराव मॅडमनी न मोजता सही केली होती, त्या शाळेकडून एका शब्दकोशासाठी त्यांना अजून स्मरणपत्रं येतात. तेव्हा हजाराच्या वर न वाचलेले लेख असलेला साठा त्या तसाच घेणार नव्हत्या. आणि न वाचता ते बटण दाबायला गव्हाणे सर कोणाला देणार नव्हते. मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. मला वाटलं, खातं घेऊनच परत जावं लागणार, आणि घरी जाऊन ते बंद करावं लागणार.

“मग निर्लेखन करू,” गव्हाणे सर म्हणाले. “समितीला तीन माणसं लागतात. मोजा.”

आम्ही तिघं होतो.

अध्यक्ष गव्हाणे सर झाले. मॅडम सदस्य. मी शीर्षकं वाचायची, त्यांनी निकाल द्यायचा. नव्याकडून जुन्याकडे असा क्रम होता. सगळ्यात वर अल्पाका होता, तो मॅडमनी लगेच राखून ठेवला. मग मी वाचत गेलो. चित्रकला स्पर्धा, प्रवेशिका पाठवण्याची मुदत मागच्या महिन्यात संपलेली. उद्या चंद्रग्रहण, ते कधीच होऊन गेलेलं. थंडीत सायकल चालवताना घ्यायची काळजी, बाहेर ऊन रणरणत होतं. सरांना हवं ते कारण आपसूक सापडलं. “मुदत संपली,” ते म्हणायचे आणि मी पुढचं वाचायचो. गोगलगायींचा पोस्टमन अधूनमधून भेटत राहिला. पाचव्यांदा भेटल्यावर सरांनी विचारलं, ह्या माणसाला घरी कोणी नाही का.

मध्ये मी एका शीर्षकापाशी थांबलो. वाळवंटातल्या एका वाचनालयाबद्दल होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की हा तिने नक्की पाठवला असता.

“कितवीला?” मॅडमनी विचारलं.

“सातवीला. पण शेवटचा परिच्छेद गाळून.”

“मग ठेवा.”

त्यानंतर प्रत्येक शीर्षकाला त्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला दरवेळी उत्तर येत होतं. पाचवीला. मुलींना आधी. हा नको, लेखक उपदेश करतो. मला हे ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझी गाडी कधीच निघून गेली होती. कोणी तिचं नाव काढलं नाही.

यादीच्या तळाशी तो मंगळवार आला. त्या सकाळचे आठ-दहा लेख होते. मी पहिलं शीर्षक वाचलं आणि दुसरं वाचता येईना. सरांनी पेन उचलून विचारलं, “कारण काय लिहू?” तेवढ्यात मालगाडी आली. तिघंही थांबलो. गाडी लांब होती, काचा थरथरत राहिल्या. मला तेवढा वेळ मिळाला.

गाडी गेल्यावर गव्हाणे सर स्वतःच बोलले.

“हे संदर्भ विभागात. त्या विभागातलं बाहेर जात न्हाई आन् रद्द बी होत न्हाई.”

मॅडमनी मान हलवली. मी त्या लेखांवर राखून ठेवल्याची खूण केली.

बटण कोणी दाबायचं यावर थोडी चर्चा झाली. शालिनी मॅडमच्या वतीने मॅडमच्या मिस्टरांनी, असं ठरलं. मी दाबलं. आकडा गेला. पडद्यावर झोपाळ्यात पहुडलेल्या माणसाचं चित्र आलं आणि खाली ओळ, ‘आता वाचायला काही उरलं नाही’. सरांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली आणि विचारलं की हे छापून शिवायचं का. भालेराव मॅडम म्हणाल्या, शिवा, लेखक अज्ञातच असणार. मग त्यांनी चार्ज घेतल्याची सही केली.

शनिवार, सकाळची शाळा

मुक्काम भालेराव मॅडमच्या भावाकडे झाला. सकाळी मी परिपाठाला मुलांच्या मागे उभा होतो. प्रार्थना झाली, मॅडम पुढे आल्या. त्यांनी हातातला लेखाचा कागद घडी करून ठेवला आणि सरळ सांगितलं.

“शालिनी मॅडम सुट्टीवर नाहीत. त्या वारल्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.”

मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “मग आता मॅडमचं कोण पाठवणार?”

“मी निवडणार. रोज.”

“तुम्हाला जमंल का?”

“बघू,” मॅडम म्हणाल्या. “नाही जमलं तर तू सांग.”

आणि त्यांनी अल्पाकावरचा लेख मराठीत करून वाचून दाखवला. अल्पाकाला राग आला की तो थुंकतो, हे ऐकून मागच्या रांगा पुढे सरकल्या. शेवटी शंका विचारायला सांगितलं. एकाला विचारायचं होतं की त्याला ऊस चालतो का. दुसऱ्याचं म्हणणं होतं की तो आमच्या आप्पांसारखा दिसतो. परिपाठ लांबला आणि पहिला तास उशिरा सुरू झाला. गव्हाणे सर रात्रीच शिरूरला परतले होते, नाहीतर त्यांनी शिक्का मारायला तिथेच तिसरं पान शोधलं असतं.

मी दुपारच्या गाडीने पुण्याला आलो.

खातं आता दौंडला आहे. रोज सकाळी गटावर दोन लेख येतात, सोबत भालेराव मॅडमची एक ओळ असते. गटातल्या सगळ्यांना येतात तसे ते मलाही येतात. मी चहा करतो आणि दोन्ही वाचतो.